उपडा कप

हिल्सबरो, ऑकलंड
२१ ऑगस्ट २०११

दादा,

पाकिटावरचा पत्ता तू मेलमध्ये दिलास तसाच उतरवला आहे. अलेप्पोचं स्पेलिंग दोनदा तपासलं. तू म्हणालास, फोनवर नुसता हं हं करतोस, त्यापेक्षा लिहीत जा, तुझं तेवढं एक चांगलं आहे. म्हणून लिहितोय.

मी नीट पोचलो. स्नेहलता काकूंकडे मागची खोली मिळाली आहे. काकू मूळच्या डोंबिवलीच्या. काका गेल्यापासून एक खोली भाड्याने देतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या डेअरीतून ब्रेड आण." मी म्हटलं, डेअरीत ब्रेड कसा मिळेल? इथे किराणा दुकानालाच डेअरी म्हणतात. काकू अजून सगळ्यांना सांगत असतात. कॉलेज सुरू झालं. "हा डिप्लोमा तरी पुरा कर रे बाबा," असं बाबा विमानतळावर सगळ्यांदेखत म्हणाले. करीन.

इथल्या बातम्यांत सीरिया दिसतं. तू लिहितोस, गडबड दुसरीकडे आहे, आमचे पंप चालू आहेत. बाबांना मी तेच सांगतो.

फेब्रुवारीतल्या सहलीचे फोटो मिळाले. तदमोरच्या पडक्या शहरातले खांब छान आलेत. कंपनीच्या पिकअपमध्ये मी नकाशा धरून बसलोय तोही आलाय. "धैर्या, नकाशा सोड, बाहेर बघ. दोन हजार वर्षं उभे आहेत, आजच हलणार नाहीत." काकूंना तुझं हे वाक्य सांगितलं तर त्या खूप हसल्या. गावोगाव लोक हात करून गाडी थांबवायचे हेही सांगितलं. चहा नको म्हटलं की जेवायलाच बसवायचे.

एका फोटोबद्दल विचारायचं आहे. सर्जिलाचा. ते ओस पडलेलं दगडी गाव, जिथे घरं उभी आहेत, खिडक्या आहेत, फक्त छपरं आणि माणसं नाहीत. छप्पर शिल्लक असलेली एकच खोली आपल्याला सापडली होती. तू दारात उभा राहून फोटो काढलास. मी तुझ्या मागे होतो, मी तुला काढताना पाहिलं.

फोटोत खोली रिकामी आहे. जमिनीवर गवत आहे.

दादा, तिथे चटई होती. केटली होती, मी हात लावला तर गरम होती. दोन कप होते, एक सरळ, त्यात तळाला चहा, आणि दुसरा उपडा. खुंटीला चौकड्यांचा शर्ट होता, तू घातला होतास अगदी तसा. "अरे, हा तर माझाच!" असं तू म्हणालास आणि दोन्ही शर्ट शेजारी धरलेस. फरक एकच होता. खुंटीवरच्या शर्टाचं वरून दुसरं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं होतं. तुझी सगळी पांढऱ्या दोऱ्याची होती. तू म्हणालास, "कुणी मेंढपाळ असेल. चल, त्याचा चहा निवतोय."

आणि मग दुसऱ्या दिवशी खालच्या गावात आपल्याला जेवू घालणाऱ्या उम्म नादिरच्या विहिरीचा पंप तू उचललास तेव्हा बटण तुटलं. तेच, वरून दुसरं. तिने तुला शर्ट काढायलासुद्धा लावलं नाही, उभ्या उभ्या शिवून दिलं. घरात दुसरा दोरा नाही म्हणून सारखी माफी मागत होती. मी दोऱ्याकडे बघत होतो, तू माझ्याकडे. गाडीत बसल्यावर तू एवढंच म्हणालास, "बाबांना सांगू नकोस."

सांगितलेलं नाही. माझं एकच मागणं आहे. तो शर्ट घालू नकोस. फेकून दे, नाहीतर कुणाला तरी दे.

तुझा
धैर्या


पेनरोज, ऑकलंड
९ डिसेंबर २०१२

दादा,

मागची दोन पत्रं परत आली. हे टाकतो आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही. डेपोत जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. डिप्लोमा सोडला. बाबा म्हणाले, "वाटलंच होतं." इथे खोक्यांवर लेबलं लावण्याचं काम आहे. माझ्या लेबलांत चूक निघत नाही म्हणून मला कायम केलं.

तुझ्या कंपनीतले सुरेश नाईक चिंचवडला आपल्या घरी येऊन गेले. बाबांनी मला फोनवर घेतलं. कंपनीने सगळ्यांना दमास्कसला न्यायला बस केली होती, तू सुरेशच्या शेजारी बसला होतास. खालच्या गावाच्या फाट्यावर तू उतरलास.

"मी त्याचा हात धरला हो," सुरेश म्हणाले. "म्हटलं, संग्राम, वेडा झालास काय? तर म्हणतो, उम्म नादिरच्या विहिरीवरचा पंप अर्धा उघडून ठेवलाय, बायका पाण्याला कुठे जातील? आठवड्यात जोडतो आणि मागून येतो."

बाबा मध्येच म्हणाले, "पंप जोडायला आठवडा? ह्या पोराला मी काय शिकवलं?"

त्याला आता चार महिने झाले. वकिलातीकडे तुझी नोंद बेपत्ता अशी आहे.

सुरेशना मी विचारलं, उतरताना दादाच्या अंगात कुठला शर्ट होता? त्यांना राग आला असावा. म्हणाले, "अरे, शर्ट काय घेऊन बसलास?" मग म्हणाले, "चौकड्यांचा."

धैर्या


हिल्सबरो
१८ जानेवारी २०१५

दादा,

सर्जिलाच्या खोलीतल्या वस्तू तुला लिहिल्या तेव्हा मी एक गाळली होती. तूही ती पाहिली असणार, पण त्या दिवशी तूही काही बोलला नाहीस.

दाराच्या आत डाव्या बाजूला रबरी चपला होत्या. निळा तळ, पांढरे पट्टे. डाव्या चपलेचा पट्टा अंगठ्यापाशी उपटून पुन्हा बसवलेला होता, आणि तो निघू नये म्हणून तळाखाली एक पिवळा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा अडकवला होता. मधे खाच असलेला. असला तुकडा मी कधी पाहिला नव्हता. तळाच्या रेघांत काळी वाळू होती. आपण त्या सगळ्या रस्त्यावर लाल माती आणि पांढरा दगड सोडून काही पाहिलं नव्हतं. तू बाहेर फोटो बघत होतास तेव्हा मी बूट काढून त्यात पाय घातले. बरोबर बसल्या.

काल डेपोतली मंडळी समुद्रावर गेली होती. सिओने म्हणून माझ्याबरोबर काम करतो, टोंगाचा आहे, हसला की गाडी हलते. त्याच्या चपलेचा पट्टा निघाला. इथे ह्या चपलांना जॅन्डल्स म्हणतात आणि लग्नातसुद्धा घालतात. सिओनेने ब्रेडच्या पिशवीचं तोंड बंद करायला जो चिमटा असतो तो काढला, पट्ट्याचं बोंडूक तळातून ओढून त्याच्या खाचेत अडकवलं, आणि चालायला लागला. "काय बघतोस, ब्रो? देशातली अर्धी जनता अशीच चालते."

तो चौकोनी तुकडा होता, मधे खाच असलेला.

मी किनाऱ्याकडे पाहिलं. वाळू काळी होती. पश्चिमेकडची सगळीच काळी आहे, हे मला माहीत होतं, रोज माहीत होतं, पण मी ते कधी त्या चपलांशी जोडलं नव्हतं.

सिओनेने विचारलं, "ठीक आहेस ना?" मी म्हटलं, ऊन लागलं.

आल्यावर माझ्या जॅन्डल्स कचऱ्यात टाकल्या. त्या हिरव्या होत्या, तरी टाकल्या. आता मी घरातही बूट घालतो. काकू म्हणतात, "अरे, देवघरासमोरून तरी बूट घालून जाऊ नकोस!" मी मोज्यांवर येतो.

धैर्या


हिल्सबरो
१५ एप्रिल २०१८

दादा,

तू आहेस. निदान तीन वर्षांपूर्वीपर्यंत होतास.

माउंट रॉस्किलच्या शनिवारच्या बाजारात एक बाई रोट्या विकते. वर तीळ आणि रानओव्याची पूड लावलेली. मी एक घेतली आणि उभ्याउभ्या खाल्ली, उम्म नादिरने शिकवली तशी, चौघडी करून टोकाकडून. ती बाई बघत होती. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुला असं खायला कुणी शिकवलं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं. तिचं नाव हनान. शेजारच्याच गावची, निर्वासित म्हणून मागच्या वर्षी इथे आली. गावावर बॉम्ब पडायला लागले तेव्हा लोक वर सर्जिलात राहायला गेले म्हणाली, त्या ओस घरांत, दगडांवर ताडपत्र्या टाकून. "दीड हजार वर्षं रिकामी होती. आम्ही भरली." तिच्या घरातले सगळे एका जुन्या घाण्याच्या खोलीत राहत होते, जिथे पूर्वी ऑलिव्हचं तेल काढत.

"तिथे एक हिंदी माणूस होता," ती म्हणाली. "इंजिनिअर. जुन्या टाक्यातलं पाणी त्याने वर चढवून दिलं. त्याच्यावर आम्ही जगलो."

मी विचारलं, कसा दिसायचा? ती म्हणाली, तुझ्यासारखा, पण न घाबरलेला.

मग तिने माझं नाव विचारलं. मी धैर्यशील म्हटलं. तिने मान हलवली. "नाही. तो छोटं काहीतरी म्हणायचा."

"धैर्या?"

तिने दोन्ही हात रोट्यांवर ठेवले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवतात तसे. वारा नव्हता.

"तो रोज दोन कप मांडायचा," ती म्हणाली. "एकात स्वतः प्यायचा. दुसरा उपडा, आत धूळ जाऊ नये म्हणून. आमची माणसं चिडवायची, इंजिनिअर, तुझा पाहुणा वाटेत म्हातारा झाला काय? तो म्हणायचा, अजून चपला आल्या नाहीत."

"म्हणजे काय, विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, बाकी सगळं जमलंय. चटई आली, केटली आली, शर्ट तर आहेच. चपला आल्या की तो आला."

ती तिथून निघाली त्या सकाळी तू पाणी सोडायला गेला होतास. पुढचं तिला माहीत नाही.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. घरी येऊन मी सगळ्या खिडक्या लावल्या.

दादा, चटई आणि केटली तू मुद्दाम मिळवलीस का? की ती आपोआप येत गेली?

बाबांना एवढंच सांगितलं की एका बाईने तुला २०१५ साली पाहिलं होतं. चपलांचं सांगितलं नाही. बाबा म्हणाले, "बाजारातली बाई. तुला रोट्या विकायच्या होत्या तिला."

धैर्या


हिल्सबरो
२९ सप्टेंबर २०१९

दादा,

काल सर्वपित्री अमावास्या होती. काल तुझं करायचं ठरलं होतं. मी आधी का लिहिलं नाही ते तुला कळलं असेल.

जुलैमध्ये बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं हेच काढलं. बेपत्ता माणसाची दर्भाची प्रतिमा करून तिलाच अग्नी देतात, म्हणजे तो सुटतो. शास्त्रात बारा वर्षं थांबायला सांगितलंय, पण बाबा म्हणाले, "माझ्याकडे बारा वर्षं नाहीत. मी गेल्यावर तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. अर्धवट सोडशील. मी बघत असताना कर." भावाच्या हातून झालेलं चालतं. मी हो म्हटलं. एकदा तरी काही पुरं करावं असं वाटलं.

रमण गुरुजी आठवडाभर आयटीत असतात, शनिवार-रविवार पूजा सांगतात. पुण्याचे आहेत, बोलके. चामडं चालत नाही म्हणून बूट घालू नकोस, त्यांनी आधीच बजावलं होतं. मी अनवाणी निघालो तर काकूंनी दारात नव्या जॅन्डल्स ठेवलेल्या. "थंडी आहे, पाय कापतील. सेलमध्ये होत्या."

निळा तळ, पांढरे पट्टे. मी स्वतःला सांगितलं, अशा ह्या देशात लाखो आहेत. घातल्या.

गुरुजी आम्हाला पश्चिम किनाऱ्यावर पिहाला घेऊन गेले, जिथे ओढा समुद्राला मिळतो. सकाळचं ऊन होतं. गाडीतून त्यांनी दर्भ, तांदूळ, तीळ काढले आणि पावाची एक मोठी लादी.

"हा कशाला?" काकूंनी विचारलं.

"अहो, ऑकलंडात कावळा कुठून आणू? पिंडाला शिवायला इथे सीगलच. भात बघितला तर नाक मुरडतात, पाव दिसला की झुंबड. पाव शेजारी ठेवायचा, एखादा चुकून पिंडावर चोच मारतो. मारली की झालं. शास्त्रालाही थोडं ॲडजस्ट करावं लागतं." काकू म्हणाल्या, "गुरुजी, हे त्याच्या बाबांना ऐकू जातंय." फोन खडकाला टेकवून ठेवला होता, पडद्यावर बाबा बसले होते. अंगावर शाल, मागे तुझा दहावीचा फोटो.

दर्भाची प्रतिमा हातभर होती. गुरुजींनी तिला पांढऱ्या कापडात गुंडाळलं. म्हणाले, "ओढ्यातून तांब्या भरून आण." मी वाळूतून गेलो. परत येताना डाव्या पायाचा पट्टा अंगठ्यापाशी उपटून निघाला.

"आण इकडे," गुरुजी म्हणाले, "पंधरा वर्षं झाली मला ह्या देशात." त्यांनी पावाच्या पिशवीचा चिमटा काढला. मी त्यांना नको म्हणणार होतो. तोवर त्यांनी बोंडूक ओढून खाचेत बसवलं आणि चपला माझ्यासमोर ठेवल्या.

चिमटा पिवळा होता. तळाच्या रेघांत काळी वाळू बसली होती. ह्याच त्या होत्या, दादा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक चीर होती, तीसुद्धा तिथेच होती. मी ती आठ वर्षं विसरलो होतो आणि बघितल्याबरोबर आठवली.

गुरुजी म्हणाले, "आता नाव आणि गोत्र घे, आणि प्रतिमा उचल."

मी म्हटलं, "बाबा, थांबा."

"काय झालं? सोडलंस ना? मला वाटलंच—"

मग मी सगळं सांगितलं. खोली, लाल दोरा, चपला, हनान काय म्हणाली ते. नीट, एकापुढे एक, जसं घडलं तसं. काकूंनी तोंडावर पदर धरला होता. सीगल येऊन भोवती बसले होते, पाव उघडा पडला होता, तरी एकही पुढे आला नाही.

बाबा ऐकत होते. तुला माहीत आहे, चाळीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं.

"केटलीला तू हात लावला होतास?"

"हो."

"गरम होती?"

"हो, बाबा. चटका बसला."

त्यांनी मागे वळून तुझ्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "मग कसलं करतोस? गुरुजी, सोडा ते दर्भ."

प्रतिमा उलगडून दर्भ ओढ्यात सोडले. निघताना गुरुजींनी चपलांकडे बोट केलं. "ह्याही समुद्रात टाक. माझं ऐक." मी त्या काढल्या आणि हातात धरल्या. टाकल्या नाहीत.

धैर्या


हिल्सबरो
१३ ऑक्टोबर २०१९

दादा,

हे शेवटचं. टपालात टाकणार नाही, बरोबर आणतोय, बाकीच्यांसकट.

मंगळवारी निघतो. इस्तंबूल, तिथून हद्दीजवळच्या गावापर्यंत विमान. पुढे हनानचा दीर घ्यायला येईल. ती मला म्हणाली, "मूर्खा, सगळं जग तिथून बाहेर येतंय." मग रोट्या बांधून दिल्या, खूप. सिओनेला चपलांचं सांगितलं नव्हतं. त्याने पाय बघितले. "जॅन्डल्स घालून विमानात? स्वीट ॲज, ब्रो." म्हणजे एकदम झकास. आणि मिठी मारली, हाडं वाजली.

काकू रडल्या. बाबांना मी विचारलं, दादाला काय सांगू? म्हणाले, "म्हणावं, पंप जोडायला सात वर्षं लागत नाहीत. ये." मग फोन ठेवण्याआधी हळूच म्हणाले, "दोघंही या."

मी घाबरलेलो आहे. तसा मी नेहमीच असतो, पण या वेळी कशाला ते मला माहीत आहे, आणि ते तुला लिहिल्याशिवाय निघता येणार नाही.

त्या दिवशी खोलीत चपला होत्या. म्हणजे मी पोचलो होतो. केटली गरम होती, एका कपात चहा होता, म्हणजे तू नुकताच तिथे होतास. पण शर्ट अंगात नव्हता, खुंटीला होता. आणि दुसरा कप, माझा, उपडाच होता. आणि आपण दोघांनी, तू दारात उभा राहून आणि मी तुझ्या मागून, सगळीकडे बघितलं, आणि आत कुणी नव्हतं.

ह्याचा अर्थ मी लावत नाही. तूही लावू नकोस. मेंढपाळ असेल, असं तूच म्हणाला होतास.

वाळू मी पुसलेली नाही. पट्टा घट्ट आहे. मी दारात आलो की चपला आत डावीकडे काढणार नाही, उजवीकडे काढीन. तेवढं माझ्या हातात आहे.

तुझ्या हातात एक आहे. शर्ट अंगात घाल. मी येण्याआधी तो कप सरळ कर.